डावीकडचा खिसा

पांढुर्ण्याचे मारोतराव टेलर मे महिन्यात लोकरी कोट घालून फिरत, आणि तोही दुसऱ्याचा. शिंप्याने दुसऱ्याचा उतरलेला कोट घालणं म्हणजे हलवायाने शेजारी साखर मागायला जाणं. पण मारोतरावांना त्याचं काही वाटत नसे.

सन पंच्याऐंशीच्या आगेमागे मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. स्टेशन रोडवर त्यांचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. पँट, सदरा, बंडी, काय म्हणाल ते मारोतराव शिवून देत. कोट मात्र शिवत नसत. नगरपालिकेच्या एका सभासदाला पंधरा ऑगस्टसाठी बंद गळ्याचा कोट हवा होता. आपलं वजन समजावून सांगायला तो दोन माणसं घेऊन आला. मारोतरावांनी टेप गळ्यातून काढलासुद्धा नाही. म्हणाले, "भाऊ, कोट शिवणं सोडलं म्या. सदऱ्यातबी तुमचं वजन तेवढंच भरते."

स्वतःचे कोट ते लिलावातून घेत, टपालाने. नागपूरचा एक व्यापारी बेवारस सामान विकायचा. त्यात गाडीत राहिलेलं, धर्मशाळेत विसरलेलं सगळं असे. दर महिन्याला त्याची सायक्लोस्टाइल केलेली यादी येई. वस्तू पाहायची सोय नव्हती. बोली पाकिटात बंद करून पाठवायची, ज्याची जास्त त्याला पार्सल. ही पत्रं लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शिकलेला होतो आणि वर राहत होतो. यादीत छत्र्या असत, पितळी डबे असत, एकदा तर हार्मोनियम होती. मारोतरावांचं बोट मात्र एकाच प्रकारच्या ओळीवर थांबे: 'कोट, मर्दाना, भूरा, एक नग.' भूरा म्हणजे तपकिरी. काळा नको, करडा नको. एकदा मी निळा सुचवला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोट नव्हे, नातेवाईक बदलायला सांगितलं होतं.

पार्सल आलं की ते कातरीने वरच्या कापडाची शिवण उसवत, कोट उलटा करत, आतून एकदा हात फिरवत आणि म्हणत, "नाही आला." मग जिलेबी मागवत. कोट समोर पडलेला, आणि हे म्हणतात नाही आला. माणसाचा एक टाका निसटलाय, असा मी निष्कर्ष काढला आणि जिलेबी खाल्ली.

नंतरचा प्रकार मात्र मला तितकासा पचत नसे. नवा कोट अंगावर चढला की मारोतरावांची चाल बदले. एका कोटात ते थोडे लंगडत. दुसऱ्यात त्यांचा उजवा खांदा खाली पडे. विचारलं तर म्हणत, "ह्या माणसानं जन्मभर पेटी वाहिली, गुरुजी. माणूस लबाड बोलते, कोट नाही बोलत." आमचा पोस्टमन हुशार गडी, पण एकदा तोही जिन्यात थबकून मला हळूच विचारून गेला, "आज कोण होय ते?"

जुने कोट भिंतीवर ओळीने टांगलेले असत. मेल धाडधाड गेली की वाऱ्याने सगळ्या बाह्या एकदम हलत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी जिना उतरताना मी त्या भिंतीकडे पाठ करत नसे.

सातव्या कोटाच्या वेळी मी सरळ विचारलं की जो आला नाही, तो कोण?

त्यांनी मशीन थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ देविदास नऊ वर्षांपूर्वी भोपाळला नोकरीच्या मुलाखतीला निघाला. तेव्हा दुकान सौसरला होतं. मारोतरावांनी त्याच्यासाठी तपकिरी कोट शिवला. देविदास डावखोरा, म्हणून आतला खिसा उजवीकडे दिला. सगळी दुनिया डावीकडे देते. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर त्यांनी स्वतः त्याला गाडीत बसवलं. तो भोपाळला पोचला नाही, आणि परतही आला नाही. मारोतरावांनी दुकान उचललं आणि स्टेशनाजवळ आणलं.

"हरवलेलं सामान एक ना एक दिवस यादीत येते, गुरुजी," ते म्हणाले. "कोट नाही आला, म्हणजे तो अंगात आहे. अंगात आहे, म्हणजे माणूस आहे."

मी पुढच्या बोलीचं पाकीट चिकटवायला घेतलं.

सौसरला त्यांची आई होती. तिचे डोळे गेलेले. पार्सल येतंय, हे तिला आधीच कळवावं लागे, आणि कोट आला की मारोतराव तो घालून बसने सौसरला जात. म्हातारी कोटात हात घाली. खिसा डावीकडे लागला की म्हणे, "नाही आला." मग चुलीकडे सरके. एकदा मारोतराव कोट न घालता गेले, तर तोच कोट आला म्हणून लपवला असं समजून दोन दिवस तिच्या पोटात घास गेला नाही.

त्या मे महिन्यात आठवं पार्सल आलं. शाळेला सुट्टी होती, मी दुकानातच बसलो होतो. मारोतरावांनी शिवण उसवली, कोट उलटा केला, हात फिरवला. बराच वेळ हात आतच होता.

"नाही आला," ते म्हणाले.

जिलेबी मागवली नाही. मला म्हणाले, ऊन फार आहे, वर जाऊन पडा.

तासाभराने मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली उतरलो. दार अर्धं लोटलेलं होतं. नऊ वर्षं कोटाला सुई न लावलेला माणूस कोट शिवत होता. उजवीकडचा खिसा उसवून बाजूला ठेवला होता, आणि डावीकडे अस्तर कापून तोच खिसा ते बसवत होते. टाके इतके बारीक की मला दिसेनात.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "सौसरची गाडी किती वाजता हाय, गुरुजी?"

ही वेळ त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. मी म्हटलं, तीनला. मीही येतो.

हा कोट त्यांना कुठेही सैल पडत नव्हता. बसमध्ये कंडक्टर आला तेव्हा मारोतरावांनी तिकिटासाठी डावा हात पुढे केला. मारोतराव डावखोरे नव्हते. मी खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या बगिच्यांकडे पाहत राहिलो.

म्हातारी ओसरीवर टेबल फॅनसमोर बसली होती. पायरव ऐकून म्हणाली, "आला का कोट?"

"पाह्य नं, माय," म्हणून मारोतराव तिच्यापुढे उकिडवे बसले.

तिने हात आत घातला. डावीकडे खिसा लागला. दर वेळी एवढ्यावर तपासणी संपत असे. आज हात निघाला नाही. तो अस्तरावरून सावकाश उजवीकडे गेला, तिथे थांबला, आणि अंगठा उसवलेल्या टाक्यांच्या जागी वर-खाली, वर-खाली फिरत राहिला. शिंप्याच्या घरातली बाई होती ती.

"नाही आला," म्हातारी म्हणाली.

"नाही आला, माय."

"बरं झालं." मग म्हणाली, "मारोती, हा कोट इथंच राहू दे."

"काहून वं?"

"थंडी वाजून राहिली मले."

बाहेर उन्हाची लू चालली होती. मारोतरावांनी कोट उतरवला, तिच्या खांद्यांवर नीट घातला, आणि उठून पंखा बंद केला.