राजा मधोमध

"जिंकू नका हवं तर, पण हरू नका," बायकोने दारातच बजावले. "नाहीतर दादाच्या तोंडाला पुन्हा कुलूप नाही!"

फ्रेमवाल्याला ते वेगळे सांगायला नको होते. बायकोचा थोरला भाऊ बुद्धिबळ क्लबाचा विजेता. घरी जेवायला आला, की पहिल्या घासालाच बहिणीच्या नवऱ्याचे जुने पराभव तोंडी लावायला घेई.

आज क्लबाच्या स्पर्धेत गाठ त्याच्याशीच होती. सामना सुरू झाला. फ्रेमवाल्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, दादानेही तेच केले आणि नेहमीच्या ऐटीत तो शेजारचे डाव बघायला उठून गेला. इकडे फ्रेमवाल्याला दिसले, की आपला राजा घराच्या कडेला सरकलाय. जन्मभर चित्रे चौकटीच्या मधोमध बसवणारा माणूस, हात थोडाच गप्प राहणार? त्याने राजा अलगद मधोमध आणला.

"नीट करतो, असं आधी म्हणालात का?" पंच मागेच उभे होते.

"नाही बुवा."

"मग हात लावलात, आता राजाच चालवा."

राजाला जायला एकच घर होते, पुढचे. राजवाडा सोडून महाराज दुसऱ्याच चालीला अंगणात! फ्रेमवाल्याला रडू यायचे बाकी होते. हातांचा पुन्हा भरवसा नको म्हणून त्याने ते मांड्यांखाली दाबून ठेवले.

दादा परतला आणि पटाकडे बघतच राहिला.

"हे काय काढलंत, जावईबापू?"

"तुम्ही खेळा ना, दादा."

दादाला सगळ्या सुरुवाती तोंडपाठ, पण ही कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्यात समोरचा हातांवर बसून निवांत! म्हणजे नक्कीच सापळा. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण दादाने फुकट मिळणारे प्यादे घेतले नाही, पुढे आयता मिळणारा घोडाही मारला नाही. घड्याळ पळत होते. शेवटी कपाळ पुसत तो म्हणाला, "बरोबरी?"

"चालेल," फ्रेमवाला म्हणाला, आणि शेकहँडसाठी तेवढा एक हात बाहेर काढला.

बायको इतकी खूश झाली, की खरे सांगणे त्याच्या जिवावर आले.

पुढच्या फेरीनंतर दादा दुकानात आला आणि स्टुलावर मटकन बसला.

"तुमची ती चाल आज मी खेळलो. पार धुव्वा उडाला! राजा बाहेर काढल्यावर पुढे करायचं काय असतं?"

फ्रेमवाल्याने हातातली चौकट बाजूला ठेवली. त्याला खोटे बोलवेना.

"काही नाही, दादा. दोन्ही हात मांड्यांखाली ठेवायचे."

दादाने गंभीरपणे मान डोलावली आणि तिथेच बसल्या बसल्या करून पाहिले.