मुजरा कोणी कोणाला करायचा?

टार्पन मासा कसा पकडायचा, हे आख्ख्या 'की कॉकर' बेटावर सगळ्यात छान कोणाला समजावून सांगता येतं? मला! यारेलीला! पप्पांना मासे कळतात, पण पाहुण्यांशी बोलायचं म्हटलं की त्यांचं तोंड शिंपल्यासारखं मिटतं. मी बोलायला लागले की पेलिकनसुद्धा चोचीतला घास गिळायचे विसरतात!

म्हणून या सुट्टीत मी पप्पांकडे थेट काठीच मागितली. बोटीच्या मागच्या उंच फळीवर उभं राहून, उथळ पाण्यात जिने बोट गुपचूप ढकलतात, ती लांबलचक काठी. ती ज्याच्या हातात तो वाटाड्या. बाकीचे सगळे सामान!

"आज पाहुण्यानं एक टार्पन बोटीपर्यंत आणला, तर सुट्टीभर काठी तुझी," पप्पा म्हणाले. "नाही आणला, तर कार्मिता आत्याकडे फ्राय जॅकच्या पुऱ्या तळायला जायचं."

आत्या तळता तळता माझ्या लग्नाचं बोलते. मी पंधरा वर्षांची आहे हो!

पाहुणे होते कॅनडाचे मिस्टर फेन्विक. उंच, पांढरी दाढी, आणि आवाज असा की खारफुटीतले बगळे उडाले! गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी कशी फेकायची, टार्पनच्या नाकासमोरून कशी ओढायची, सगळं मी त्यांना शिकवलं. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं.

"तो हवेत उडाला की मी ओरडेन, 'राजाला मुजरा!' कळलं?"

"कळलं!"

"इतक्यात?"

"अगं पोरी, त्यात काय कळायचंय!"

इथंच मला शंका यायला हवी होती.

पहिला टार्पन माशीवर असा तुटून पडला की जणू उपाशी होता. आणि उडाला!

"राजाला मुजरा!" मी किंचाळले.

मिस्टर फेन्विक ताठ झाले. छाती पुढे, हनुवटी वर. गळाच्या छडीवरचा एक हात काढून त्यांनी माझ्याकडे बघत असा हलवला, जणू मला गाव इनाम दिलं!

ताड्! दोरी तुटली.

"वाका ना! वाकायचं होतं!"

"मी? मी का वाकू?"

"राजा उडाला की वाकायचंच असतं!"

"पण राजा तर मीच!"

फळीवरून पप्पा खेकसले, "यारेली, काय चाललंय खाली?"

मग उलगडा झाला. मिस्टर फेन्विकनी जन्मभर नाटकांत कामं केलेली, आणि दर नाटकात राजाच झालेले. मुजरा म्हटलं की त्यांची छाती आपोआप फुगते!

"राजा म्हणजे मासा हो!" मी कळवळून सांगितलं. "तो हवेत असताना दोरी ताणलेली राहिली तर तुटते. म्हणून वाकून छडी त्याच्याकडे पुढे करायची, की दोरी ढिली पडते."

"माशाला मुजरा? मी?"

"सगळेच करतात. पप्पासुद्धा!"

पप्पांनी वरून गंभीरपणे मान डोलावली.

"ठीक आहे," मिस्टर फेन्विक म्हणाले. "पण मग नीट करीन. अर्धवट मुजरा मला खपत नाही."

दुसरा टार्पन... काय सांगू! समुद्राला चांदीचं दार होतं आणि ते कोणीतरी लाथ मारून उघडलं!

"राजाला मुजरा!"

टोपी काढली, एक पाय मागे नेला, आणि मिस्टर फेन्विक वाकले. वाकत गेले. दाढी गुडघ्याला लागली! दोरी शाबूत!

"वा! आता उठा!"

उठेनात.

"उठा ना! राजा गेला खाली!"

"पोरी," गुडघ्यांतून आवाज आला, "कंबर धरली."

"मग छडी तू घे!" पप्पा ओरडले.

"मी घेतली तर पाहुण्यानं आणला असं कसं होईल?"

"अगं बये, आधी मासा बघ!"

मी छडी घेतली नाही. मी मिस्टर फेन्विकनाच घेतलं! त्यांचा पट्टा मागून धरला आणि मासा जिकडे जाईल तिकडे त्यांना वळवू लागले. ते बिचारे तसेच वाकून दोरी गुंडाळत होते.

"कुठे आहे तो?"

"डावीकडे!"

"मला फक्त माझे बूट दिसतायत!"

जवळ आला. आणखी जवळ. आलाच बोटीपर्यंत! आणि तेवढ्यात पुन्हा उडाला, सरळ आमच्याच दिशेनं! मिस्टर फेन्विकच्या पाठीवरून झेप घेऊन धाडकन बोटीत!

बर्फाची पेटी उलटली. डब्यातले जॉनी केक उडाले. शेपटीची एक फाडकन माझ्या गालावर बसली! "बाजूला हो!" म्हणत पप्पांनी काठीसकट पाण्यात उडी टाकली, आणि काड्कन आवाज आला. माशानं आणखी एक उसळी मारली, दोरी तोडली आणि पलीकडून पसार झाला.

"गेला का?" मिस्टर फेन्विकनी बुटांना विचारलं.

पप्पा गुडघाभर पाण्यात उभे होते. दोन हातांत काठीचे दोन तुकडे.

"प... पप्पा, आला ना?" मी कसंबसं म्हटलं. "बोटीपर्यंत?"

"बोटीपर्यंत म्हणालो होतो. बोटीत नाही!"

"म्हणजे जास्तच आला की!"

पप्पांनी दोन्ही तुकडे एकमेकांशी मापून बघितले. मग एक तुकडा माझ्या हातात दिला. आखूड होता तो.

"घे. अर्धी तुझी."

"आणि उरलेली?"

"पुढच्या सुट्टीत!"

तेव्हा सध्या अर्धा दिवस मी आत्याकडे फ्राय जॅक तळते, आणि उरलेला अर्धा दिवस बोटीत गोल गोल फिरते. अर्ध्या काठीनं बोट पुढे जातच नाही हो!