देणाऱ्यालाही माहीत नको

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि मंठाळच्या भर हॉटेलात डोळ्यांना पंचा बांधून मला चहा पाजला गेला. पाजणारे आमचे शेजारी, गौतम मास्तर.

मी एवढंच म्हणालो होतो, की म्हशीच्या दुधाचा चहा आणि पाकिटातल्या दुधाचा चहा मी एका घोटात ओळखतो. दुसरा कोणी "बरं" म्हणून गप बसला असता. पण मास्तर जन्मभर बसवकल्याणच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कप मांडले, कोणता चहा आधी ते चिठ्ठ्या उचलून ठरवलं. पहिला मी बरोबर ओळखला. दुसरा देताना हॉटेलवाला खुदकन हसला, तर मास्तर त्याच्यावरच खेकसले.

"कामून हसायलास? तुझ्या हसण्यावरून ह्यांना कळतंय! देणाऱ्यालाही माहीत नको!"

मग चहा ओतायला एक आणि हातात द्यायला दुसराच माणूस. पुढचे सगळे कप चुकले.

"आणि पहिला, मास्तर?"

"योगायोग, अण्णा. एका कपावर ठरत न्हाई."

"डोळे बांधल्यावर जिभेला काय दिसणार?" म्हणालो आणि पंचा झटकून घरी आलो. माझं ते मत अजून तेच आहे.

मास्तरांपुढं साधं बोलायची सोय नाही. एकदा म्हणालो, गावातली सगळी पोरं दारुडी झाली.

"कुठं उभं राहून बघितलं?"

"दारूच्या दुकानापुढं."

"मग तिथं काय भजनी मंडळ दिसंल? नमुना घ्यायचा तर सगळ्या गावातून घ्या."

आतून सुमनअक्का, म्हणजे त्यांची बायको, ओरडली, "मला बघायला आलाव तवा किती नमुने घेतलाव?"

मास्तर कानापर्यंत लाल. "एकच," म्हणाले. "तेवढं चुकलं न्हाई."

त्या अक्काला पुढं विसर पडायला लागला. भाजीत दोनदा मीठ. मला माझ्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक. हैदराबादहून मुलगा आला, प्रशांत. म्हणाला, "आईला नेतो. तुम्ही पण चला."

"नवव्या मजल्यावर?" मास्तर म्हणाले. "इथं अंधारात पण तिचा हात बरोबर चहाच्या डब्यावर जातो. तिथं ती हरवंल. आणि तिला आठवतंय सगळं. परीक्षा घे."

ठरलं. पाच शब्द सांगायचे, मध्ये इकडचं तिकडचं बोलायचं, मग विचारायचे. सगळे आले तर अक्का इथंच राहणार.

"मी घेणार न्हाई," मास्तर म्हणाले. "मला एकच उत्तर पाहिजे. अण्णा घेतील. त्यांच्या तोंडावर काही उमटतच न्हाई."

हे कौतुक की अपमान, मी विचारलं नाही. मास्तरांनी काढून दिलेले शब्द सांगितले: लिंबू, कात्री, चष्मा, चिमणी, दोरी. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं.

"अक्का, सांगा आता."

"लिंबू... कात्री..." अक्का थांबली.

प्रशांत आईकडं बघत होता. त्याच्या पाठीमागं, चुलीपाशी, मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला.

"चष्मा!"

मग त्या पिकल्या केसांच्या माणसानं दोन्ही कोपरं पंखासारखी फडफडवली.

"चिमणी!"

मग ते हवेतच विहिरीतनं पाणी शेंदायला लागले. शेंदतायत, शेंदतायत. अक्का हसली.

"अवो, तिथं उभं राहून काय करायलाव?"

प्रशांत वळला. मास्तरांचे हात तसेच वर राहिले.

"दोरी," मी म्हणालो. "अक्का बोलली. मी ऐकलं."

प्रशांत बापाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी पण ऐकलं. बाबा, हात खाली घ्या." संध्याकाळच्या बसनं एकटाच गेला. जाताना कामाला एक बाई लावून गेला.

बस गेल्यावर मास्तर माझ्याजवळ ओट्यावर बसले.

"अण्णा, हेच पाच शब्द मी तिच्याकडून महिनाभर पाठ करून घ्यायलोय. रोज." मग म्हणाले, "तरी."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात गेलो. अक्का उंबऱ्यात बसली होती. माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला आठी घातली. तिनं विचारायच्या आत मीच म्हणालो, "अक्का, मी शेजारचा मल्हारी. चहा प्यायला आलोय."