एक जण आत आहे

"अर्ध्या तासाचं काम! सर्व्हर बंद करायचा, नवी डिस्क लावायची, चालू करायचा, आणि चारच्या बसने आईकडे!"

प्रसितने हे अशा ऐटीत सांगितलं की दारावरच्या रखवालदार पानकाकांचा चिकट भाताचा घास हातातच राहिला.

"चार म्हणजे चार हां साहेब! सोंगक्रानच्या सणाची बस कुणासाठी थांबत नाही."

"अहो काका, इतकी वर्षं हेच तर करतोय. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, तो बंद. दुसरी लिहायची, तो चालू. दिवा लावण्याइतकं सोपं!"

सणासाठी आख्खं बँकॉक गावी गेलं होतं. माशाच्या सॉसच्या त्या कंपनीत उरली होती ही दोन माणसं आणि न जाणारा वास. डझनभर गोदामांतल्या बाटल्यांची नोंद तळमजल्यावरच्या एका डेटाबेस सर्व्हरवर राहायची, आणि त्याला हात लावायचा तर सणासारखा दिवस नाही. कुणी कामावरच नसतं!

फ्रे गावात आई वाट बघत होती. नववर्षाला तिच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा, तो गेल्या वर्षी अशाच एका बिघाडापायी राहिला होता. "असू दे, पुढच्या वर्षी घाल," ती म्हणाली होती. ऐंशी उलटलेल्या बाईच्या तोंडून 'पुढच्या वर्षी' ऐकवत नाही. म्हणून या वेळी प्रसितने बसचं तिकीट कधीचंच काढून ठेवलं होतं.

सकाळी आल्या आल्या तो तिसऱ्या मजल्यावर आपल्या टेबलाशी गेला, डेटाबेसमध्ये कुणी काम करतंय का ते डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. बॅग तिथेच टाकून, उपाशीपोटीच खाली आला आणि सर्व्हरला हुकूम दिला: थांब.

आता, सर्व्हर थांबवण्याच्या रीती दोन. एक सभ्य: नवीन कुणाला आत घ्यायचं नाही, पण जे आत आहेत ते आपणहून उठेपर्यंत वाट बघायची. दुसरी आडदांड: सगळ्यांना मानगूट धरून बाहेर! कुणी पायावर उभं राहिलं तरी 'असू द्या' म्हणणारी आम्ही थाई माणसं, आणि प्रसित तर त्यातला मेरुमणी. दुसरी रीत त्याने जन्मात वापरली नव्हती.

पडद्यावर एक टिंब उमटलं. मग दुसरं. मग मुंग्यांची लागावी तशी रांगच लागली. सर्व्हर वाट बघत होता!

"अरेच्चा! आत कुणीतरी आहे!"

पण कोण? दार बंद झालेलं, त्यामुळे आता प्रसितलाही आत जाऊन बघता येईना. बाहेरून एवढंच कळलं की एक जण आहे आणि नाव 'गोदाम'. कंपनीतले सगळेच त्या एका नावाने आत जायचे!

"द्या हाकलून!" पानकाका म्हणाले.

"अहो, काम करत असेल बिचारा. अर्धवट राहिलं तर?"

त्याने कंपनीच्या ग्रुपवर लिहिलं: 'आत जे कुणी काम करत आहेत त्यांना सणाच्या शुभेच्छा. सवडीने बाहेर पडावे. घाई नाही.'

"घाई नाही? बस तुमची चारची ना?"

"असं कसं लिहायचं काका? त्याला वाईट वाटेल."

"भीड भिकेची बहीण!" काका करवादले आणि दारात जाऊन बसले.

पहिला फोन हिशेबाच्या उबोनताईंचा. मागे पाण्याचा आणि पोरांचा कल्ला.

"कोण रे असेल ते, प्रसित? सणाचं एकटंच बसलंय! घरदार नसेल का रे त्याला?"

"तेच तर, ताई. माझ्याही मनात तेच आलं."

ताईंनी ही हळहळ चौघांना सांगितली, चौघांनी चाळिसांना, आणि थोड्याच वेळात मालक वीराफोंगसाहेबांचा संदेश आला: 'याला म्हणतात निष्ठा! माझे डोळे पाणावले. वार्षिक सभेत या व्यक्तीचा हार घालून सत्कार करीन. तोवर त्यांना कुणीही उठवू नये!'

झालं! आता हाकलायची सोयही उरली नाही.

सत्काराचं नाव निघताच हातयायच्या गोदामातल्या नोपचा फोन. "दादा, मीच तो. संकोच वाटला म्हणून बोललो नाही."

"बरं झालं बाबा सांगितलंस! ऊठ आता."

"हा काय, उठलो!"

टिंबं चालूच. मग चियांगमाईचा एक जण, पाण्याच्या पिचकाऱ्यांच्या ऐन धुमाळीतून: "दादा, मी होतो. निघालो हां!" टिंबं चालूच. शेवटी तर साक्षात उबोनताई! "मघाशी आठवलंच नाही बघ मला. मीच असेन."

खरं सांगायचं तर प्रसितला हे आवडायला लागलं होतं. एरवी त्याचा फोन वाजायचा तो काही बिघडलं तरच. खोलीवर बोलायला एक पंखा, तोही कुरकुरणारा. लग्न राहून गेलं, मित्र पांगले. आज मात्र आख्खी कंपनी त्याला दादा, भाऊ करत होती. आणि तो आतला माणूस! असेल आपल्यासारखाच कुणी, त्याला वाटलं. घरी जायला कुणी नाही म्हणून बसला असेल बाटल्या मोजत.

"बसा, बसा," तो पडद्याला म्हणाला. "मीही आहेच."

दारातून काका ओरडले, "साहेब, चार वाजले हो!"

असं अर्धवट सोडून जाता येत नव्हतं. गोदामं ठप्प झाली असती. बस गेली. आईला फोन करायचा तर फोनची बॅटरीही संपत आलेली. चार्जर बॅगेत, बॅग वर.

तो तिसऱ्या मजल्यावर गेला. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सकाळची खिडकी उघडीच होती. आत कुणी आहे का हे बघायला उघडलेली! यादीत एकच ओळ होती: गोदाम. सकाळीही ती तिथेच होती. ती आपलीच म्हणून त्याने मोजलीच नव्हती.

प्रसित खुर्चीत बसला. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं. मग खिडकी बंद केली. खाली सर्व्हर निमूट थांबला होता. डिस्क लावली, सुरू हो म्हणून ओळ लिहिली, आणि तो चुटकीसरशी सुरू झाला. सुरू व्हायला कुणाची वाट बघावी लागत नाही.

ग्रुपवर त्याने लिहिलं: 'ते गृहस्थ उठले. आभार.' खाली तिघांनीही लिहिलं: 'हो, उठलो!'

मग आईला फोन.

"बस चुकली, आई. सर्व्हर बंदच होईना. एक जण आत बसून होता सकाळपासून, एकटाच. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"अरे देवा! सणाचा एकटा? मग त्याला काही खायला घातलंस की नाही?"

"नाही गं."

"नाही काय नाही! असा कसा रे तू? जा, आधी त्याला जेवायला ने! पाणी काय, येशील तेव्हा घाल. मी कुठे पळून चाललेय?"

आईचा शब्द मोडायची पद्धत नाही. कोपऱ्यावर शेवयांच्या रश्शाची एकच गाडी उघडी होती.

"किती जण?" गाडीवालीने विचारलं.

प्रसितने सवयीने मागे वळून पाहिलं.

"एक," तो म्हणाला. "पण जरा जास्त घाला हां. सकाळपासून उपाशी आहे बिचारा."