लाल ठिपक्याचा पाठलाग

पोलिसांच्या पाळत विभागाच्या प्रमुख मॅडमचं एक ठाम मत होतं: यंत्र चुकेल, मी नाही! म्हणून तर मोठे साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार म्हटल्यावर दोन्ही ट्रॅकर त्यांनी स्वतःच्या हातांनी नकाशाला जोडले. एक कोर्टाची परवानगी काढून गाडीचोराच्या मोटारीखाली बसवलेला. तो लाल ठिपका. दुसरा चाचणीसाठी यजमानांच्या खिशात; तो हिरवा. नवं यंत्र आधी घरच्या माणसावर चालवून बघायचं, तेही त्याला विचारून, असा विभागाचा नियम होता. नुकतेच निवृत्त झालेले यजमान "बरं" म्हणाले आणि विसरूनही गेले.

प्रात्यक्षिक फसलं तर विभागाला टाळं लागणार, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. मॅडमचा जीव टांगणीला लागला होता.

लाल ठिपका हलला. चौकात आला आणि गोल गोल फिरू लागला. थांबायचं नावच घेईना!

"पाठलाग ओळखलाय त्यानं," मॅडम म्हणाल्या. "चांगलाच मुरलेला आहे."

ठिपका रस्त्याच्या मधोमध थांबला. जरा पुढे सरकला, पुन्हा थांबला. मग चक्क मागे मागे जाऊ लागला!

"एकेरी रस्त्यावर उलटा?" साहेब खुर्चीतून उठलेच. "काय छाती आहे!"

"असला बिलंदर आमच्याशिवाय सापडलाच नसता, साहेब! पथक पाठवते."

"मॅडम, जरा तो हिरवा ठिपका..." तंत्रज्ञ चाचरला.

"ते घरी घोरत असतील. सोडा ते!"

पथकानं गाडी घेरली. स्पीकरवर आवाज आला, "हात वर!" आणि पाठोपाठ धाडकन काहीतरी आदळलं.

"मॅडम, यानं हात वर केले आणि गाडी घरंगळत आमच्याच जीपवर आली!" पथकप्रमुख ओरडला.

स्पीकरवरच त्याच्या मागून एक रडवेला आवाज आला, "सगळं कबूल करतो हो! फक्त माझ्या बायकोला कळू देऊ नका!"

मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली. "अहो, तुम्ही?"

"अगं... ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. तू थकूनभागून एकटी गाडी हाकत येतेस. म्हटलं, आता आपण न्यायला यावं. तुला चकित करणार होतो."

मॅडमना लाजही वाटली आणि भरूनही आलं. "साहेब, ठिपके मीच उलटे जोडले," त्या पुटपुटल्या.

"म्हणजे चोर हिरवा?"

"तेच सांगत होतो!" तंत्रज्ञाला अखेर कंठ फुटला. "हिरवा ठिपका सकाळपासून गावाबाहेरच्या गोदामात बसलाय. तिथे कोण घोरायला जाईल?"

दुसरं पथक सुसाट सुटलं. गोदामात चोर सापडला, चोरीच्या मोटारी सापडल्या. एकीला तर तो स्वतःच नवा रंग फासत होता!

"विभाग चालू राहील," साहेब हसू दाबत म्हणाले. "आणि आज यजमानांनाच घरी घेऊन जाऊ द्या तुम्हाला. शिकवणारे शेजारी बसतील, आमची एक जीप मागे राहील. संरक्षण म्हणून."

"त्यांना कसलं संरक्षण, साहेब?"

"त्यांना नाही हो, रस्त्यावरच्या लोकांना!"