भाचीची मुलाखत आणि माझं तोंड

भाचीच्या मुलाखतीत दुभाषी म्हणून मीच बसणार, असं मी घरात छाती पुढे काढून सांगून टाकलं होतं. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. हिलाही ऐकू येत नाही; खुणांची भाषा मीच शिकवली. मग परका माणूस कशाला?

परराष्ट्र खात्यात आजवर सगळे साहेब एका साच्यातून काढल्यासारखे. आता खात्याने तऱ्हेतऱ्हेची माणसं घ्यायचं ठरवलं होतं. लेखी परीक्षा भाचीने पार केली होती; उरली ही मुलाखत. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचते, त्यामुळे माझं काम सोपं होतं. ती खुणांनी बोलेल ते मोठ्याने बोलायचं, तेही 'मी' म्हणून, जणू तीच बोलतेय.

खुर्चीत बसताच घाम फुटला तो मला. ती आपली निवांत.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "आमच्या खात्यात तुम्हाला काय खटकतं?"

भाचीने खुणेने सांगितलं, "तुम्ही बोलता फार, ऐकता कमी."

नोकरी मागायला आलेल्या माणसाने असं बोलायचं असतं का? मी घसा खाकरला. "खात्याचं कार्य थोर आहे. सुधारणेला वाव कुठे नसतो? पण मला लहानपणापासून या खात्याबद्दल..." आणि जो सुटलो तो सुटलोच.

भाची माझ्या ओठांकडे बघत होती. तिचे हात हलले, "मामा, मी एवढंसं बोलले. तुम्ही पुराण कसलं लावलंय?"

"काय म्हणताय?" चष्मेवाल्या सदस्यांनी विचारलं.

"मला... पाणी हवंय."

पाणी आलं. भाचीने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कुणी मागितलं?"

"गप्प बस गं, सांभाळून घेतोय," मी खुणेने म्हटलं.

"मुलाखत माझी आहे, मामा. नापास व्हायचं तर माझ्याच बोलण्याने होईन."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "तुमचं जे चाललंय ते आम्हालाही कळू द्या. सगळं."

सुटका नव्हती. पुराणापासून पाण्यापर्यंत सगळं ओकलो. "तुम्ही बोलता फार, ऐकता कमी," हेसुद्धा.

संपलं, मी मनात म्हटलं. आता बहिणीला काय तोंड दाखवू?

"हे आम्हाला तोंडावर आजवर कुणी सांगितलं नव्हतं," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "कधीपासून रुजू व्हाल? आणि खातं तुम्हाला कायमचा दुभाषी देईल. मामाच हवेत का?"

माझी छाती पुन्हा फुगली. भाचीने हात हलवले, आणि नियमाप्रमाणे मी खणखणीत आवाजात बोललो,

"मामांवर माझा फार जीव आहे. पण दुसरं कुणीही चालेल."

त्या दिवशी कुणी भाग न पाडता एवढं एकच उत्तर मी जसंच्या तसं सांगितलं.