घाडीभावोजी आणि माझी वजरी

आमच्या शेजारचे घाडीभावोजी बायकोच्या फोटोचं तोंड पॉलिश पेपरने घासायचे. इंदू जाऊन वर्षही झालं नव्हतं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, माणूस कामातून गेला. मीही म्हणायचे.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. अंधेरीला, साकीनाक्याच्या अलीकडे आमची चाळ. भावोजी एका फोटो स्टुडिओतून रिटायर झालेले. तोवर रंगीत फोटो मशीनवर निघायला लागले होते, पण हे घरी हाताने छापायचे. डिंकात काळा रंग आणि कसलंसं नारिंगी औषध कालवायचं, जाड कागदाला फासायचं, वर काचेची निगेटिव्ह ठेवून गॅलरीत उन्हात मांडायचं. तिथेच माझं वाळत घातलेलं लुगडं.

"वहिनी, सावली पडते हो. सावलीत इंदू गोरी निघते."

"मग बरंच की!"

"नको, नको," म्हणून ते माझं लुगडं पार टोकाला सरकवायचे.

मग तो कागद घमेल्यात धुवायचा, वाळवायचा आणि घासत बसायचं. साकीनाक्याच्या वर्कशॉपांतून पॉलिश पेपरचे तुकडे मागून आणत. नारळाची शेंडी झाली, विटेची पूड झाली. तोंडात एकच, "अजून जरा खरखरीत हवं." एकदा मी नाचणीची भाकरी दिली, तर तिच्यावरून बोट फिरवत बसले.

"खायची असते ती," मी म्हटलं.

एक दिवस माझ्या मोरीतली वजरी नाहीशी झाली. टाचा घासायची वजरी कोण चोरणार? मी थेट भावोजींच्या खोलीत शिरले. दोरीला चिमट्यांनी सात-आठ इंदू टांगलेल्या. एकीच्या गालाला भोकच पडलेलं. आणि माझी वजरी यांच्या हातात.

"जिवंतपणी कमी भांडी घासली का बिचारीने? आता मेल्यावर तिला सोलताय होय?"

ते चिडले नाहीत. एक कागद माझ्या पुढ्यात धरला. "नीट बघा. जमलीय का?"

मी बघितलं. चेहरा घासून उजळ केला होता आणि गालांवर बारीक बारीक काळे ठिपके शिल्लक ठेवले होते. देवीचे वण. इंदूचं तोंड वणांनी भरलेलं होतं, लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या तिला.

"फोटोत नव्हते वण?"

"होते. मीच घालवले."

स्टुडिओत त्यांचं कामच ते. लोकांचे तीळ, डाग, सुरकुत्या पात्याने आणि पेन्सिलीने काचेवरच घालवायचे. लग्नानंतर इंदूचा पहिला फोटो काढला, तोही हौसेने साफ केला. नव्या नवरीला खूश करायला गेले.

"बघून काय म्हणाली ती?"

"म्हणाली, 'ह्या गोऱ्या बायलेकच आता जेवण रांधूक सांगा.' आणि परत कधी कॅमेऱ्यापुढे बसली नाही. सत्तावीस वर्षं, वहिनी. दुसरा फोटोच नाही. काचेवरचं खरवडलेलं परत येत नाही. फोटोतल्या हिच्याकडे बघून बघून मला आता हीच आठवायला लागलीय."

मी खिडकीशी जाऊन कागद उजेडात धरला.

"नाही जमलेली. उजव्या भुवईत एक वण होता. तिथे केस नव्हते."

ते जवळ येऊन कागदावर वाकले. "मला कसा नाही दिसला?"

"कसा दिसेल? रोज काजळाने भरून मगच तुमच्यासमोर यायची. नळावर तोंड धुताना आम्ही बघायचो."

भावोजी खाली बसले. मग गोधडीची सुई माझ्या हातात दिली. "तुम्ही काढा. माझा हात घालवण्यातच गेला."

मी चौथीपर्यंत शिकलेली, चित्र कसलं काढणार? भुवईवर सुईने खरवडलं. कागद थोडा उचकटला, पांढरी खाच पडली.

"बिघडली असेल तर सांगा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि त्या खाचेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. खरखरीत हवं म्हणून काही बोलले नाहीत. मग कागद तसाच हातात धरून भिंतीकडे तोंड करून बसले.

मी वजरी न मागता घरी आले. टाचांना दुसरी आणली.